पादचारी पुलावर परस्परसंवादी कलाकृती कशी उभारावी

शहरातल्या एखाद्या पादचारी पुलाला कलाकृतीचे रूप द्यायचे ठरले की चर्चा लगेच दिवे, रंग आणि पडदे यांच्याकडे वळते. ती आधी पुलावरून जाणाऱ्या माणसाकडे वळायला हवी. कलादालनात माणूस पाहण्यासाठी येतो. पुलावर तो पलीकडे जाण्यासाठी येतो, आणि बऱ्याचदा त्याच्या हातात सामान असते, सोबत मूल असते, पुढच्या कामाची घाई असते. मोकळ्या सपाट वाटेवर प्रौढ माणूस साधारणपणे सेकंदाला १.३ मीटर चालतो. या हिशेबाने ६० मीटर लांबीच्या पुलावर तो जेमतेम पाऊण मिनिट असतो. कलाकृतीला त्याच्याशी जो काही संवाद साधायचा आहे तो या पाऊण मिनिटात, त्याची पावले न अडवता साधावा लागतो, आणि समोरून येणाऱ्याशीही त्याच वेळी तितक्याच नीटपणे साधावा लागतो. म्हणून पुढच्या सगळ्या निर्णयांसाठी एक कसोटी आधीच ठरवून घ्यावी: जो थांबणार नाही, ज्याला कलेत रस नाही, त्यालाही पूल पूर्वीइतक्याच सहज ओलांडता आला पाहिजे, आणि त्याच्या नुसत्या चालण्यानेही कलाकृतीत काहीतरी घडले पाहिजे.

पुलाची ओळख करून घेणे

कल्पना कागदावर उतरवण्यापूर्वी पुलावर भरपूर वेळ घालवावा. कामाच्या दिवसाची सकाळ, दुपारची सामसूम, संध्याकाळची परतीची गर्दी, सुटीचा दिवस, पाऊस, जोराचा वारा या प्रत्येक वेळी पूल वेगळा वागतो. दर १५ मिनिटांनी कोणत्या दिशेने किती माणसे गेली याची नोंद ठेवावी, कारण सेन्सर कुठे बसवायचे, एका वेळी किती जणांना प्रतिसाद द्यायचा आणि कामासाठी पूल कोणत्या वेळी बंद ठेवता येईल, हे सारे प्रश्न याच आकड्यांवर सुटतात. आकड्यांइतकेच सवयींकडेही लक्ष असावे: लोक कोणत्या बाजूने चालतात, कुठे वेग कमी करून खालच्या पाण्याकडे किंवा रुळांकडे पाहतात, मुले कठड्याच्या गजांवरून कुठे हात फिरवतात, सावली कुठे पडते, पाणी कुठे साचते. लोक आपणहून रेंगाळतात ती जागा कलाकृतीसाठी सर्वांत मोलाची असते. मात्र ती अरुंद असेल तर सर्वांत धोक्याचीही तीच असते.

आणखी एक गोष्ट अवश्य करावी. दोन खांबांमधल्या गाळ्याच्या मध्यावर उभे राहून कठड्यावर तळहात सपाट टेकवावा आणि पाच-सहा जणांचा घोळका जाऊ द्यावा. पूल पोलादी आणि सडपातळ असेल तर माणसे जवळ येण्याआधीच हाताला बारीक थरथर जाणवू लागते, ती समोरून जाताना वाढते आणि पुढे निघून गेल्यावरही क्षणभर टिकते. मग खांबाच्या अगदी जवळ जाऊन तसाच हात टेकवावा. तिथे ही थरथर जवळपास नाहीशी झालेली असते. म्हणजे पूल पावलांना आधीपासूनच उत्तर देत असतो, आणि ते उत्तर प्रत्येक जागी सारखे नसते. अमेरिकी ध्वनिकलाकार बिल फॉन्टाना यांनी २००६ मध्ये लंडनच्या मिलेनियम पुलावर कंपने टिपणारे सेन्सर बसवले आणि एरवी कानांना न ऐकू येणारा त्या पुलाचा नाद टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये थेट ऐकवला. बाहेरून काही आणून पुलाला चिकटवण्यापेक्षा पुलात जे आहे ते लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हा मार्ग मला सर्वांत समृद्ध वाटतो, आणि नव्याने काम करणाऱ्याने आधी याच दिशेने विचार करावा असे मी आग्रहाने सुचवेन.

कंपन, लय आणि भार

या टप्प्यावर संरचना अभियंत्याला सोबत घेणे अनिवार्य आहे. कल्पना पक्की झाल्यावर त्याच्याकडे केवळ सहीसाठी जाऊ नये. कल्पना घडत असतानाच त्याला सहभागी करून घ्यावे. त्याचे कारण मिलेनियम पुलाच्याच इतिहासात सापडते. हा पूल १० जून २००० रोजी खुला झाला, लोटलेल्या गर्दीखाली तो आडव्या दिशेने डोलू लागला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. दोलन शमवणारी यंत्रणा बसवून तो फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. माणूस सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो, त्यामुळे पुलाला उभ्या दिशेत सुमारे २ हर्ट्झचा रेटा बसतो. पण डावे पाऊल एका बाजूला आणि उजवे दुसऱ्या बाजूला रेटत असल्यामुळे आडवा रेटा त्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे १ हर्ट्झ वारंवारितेचा असतो. पुलाची आडव्या दिशेतली नैसर्गिक वारंवारिता, म्हणजे धक्का बसल्यावर तो आपणहून सेकंदाला जितक्या वेळा डोलतो ती संख्या, याच्या आसपास असेल, तर किंचित डोलणाऱ्या पुलावर तोल सावरताना लोक नकळत एकाच तालात पावले टाकू लागतात आणि त्यांच्या एकत्रित रेट्याने पूल आणखी डोलतो. हे कोणी ठरवून करत नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १८३१ मध्ये, इंग्लंडमधला ब्रॉटन झुलता पूल संचलन करणाऱ्या सैनिकांच्या पावलांखाली कोसळला होता, आणि पुलावर ताल मोडून चालण्याची शिस्त ब्रिटिश सैन्यात त्यानंतर रूढ झाली.

कलाकाराने या दोन्ही घटनांकडे फार गांभीर्याने पाहिले पाहिजे, कारण ध्वनी आणि प्रकाश हे लोकांची पावले एका तालात आणण्याचे अतिशय प्रभावी साधन आहे. मिनिटाला १२० ठोक्यांचे संगीत म्हणजे नेमकी सेकंदाला दोन पावले. अशी ठाम लय पुलावर सतत वाजत राहिली, किंवा त्याच गतीने दिवे धडधडत राहिले, तर लोक तिच्याशी पावले जुळवू लागतात. त्यापेक्षा संथ लय, म्हणजे मिनिटाला ६० ठोके, निवडल्यानेही सुटका होत नाही, कारण प्रत्येक ठोक्याला दोन पावले सहज बसतात. म्हणून पुलावरच्या ध्वनीत ठाम ठेका नसावा. प्रत्येक पावलातून एक स्वर उमटावा, तो सावकाश विरावा आणि पुढचा स्वर पुढच्या पावलाच्या वेळेवर सोडून द्यावा. अशा रचनेत शंभर माणसे चालली तरी शंभर वेगळ्या गती राहतात. “इथे उडी मारा” असे सुचवणारी कोणतीही रचना, मग ती कितीही आनंददायी वाटो, पुलावर करू नये.

अभियंत्याकडून दोन गोष्टी लेखी मिळवाव्यात. पहिली म्हणजे पुलाच्या नैसर्गिक वारंवारिता. युरोपीय मानकानुसार उभ्या दिशेत ५ हर्ट्झपेक्षा आणि आडव्या दिशेत २.५ हर्ट्झपेक्षा कमी वारंवारिता असलेल्या पादचारी पुलांची कंपनांबाबत सविस्तर तपासणी करावी लागते. आपला पूल त्या गटात मोडत असेल तर गर्दी ओढणारी कलाकृती मांडण्याआधी ही तपासणी झालेली असावी. दुसरी गोष्ट म्हणजे भाराचा हिशेब. त्याच मानकात गर्दीचा भार दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ५०० किलोग्रॅम वजनाइतका धरतात. पण ही क्षमता माणसांसाठी राखलेली असते, ती कलाकृतीने खाऊन टाकायची नसते. शिवाय कठड्यावर लावलेला फलक किंवा ताणलेले कापड वजनाला हलके असले तरी त्यावर येणारा वाऱ्याचा दाब वजनाच्या कितीतरी पट असू शकतो, आणि तो सारा दाब शेवटी कठड्याच्या बोल्टांवर येतो.

लोकांनी पुलाला काहीतरी बांधावे किंवा लटकवावे अशी कल्पना असेल तर हा हिशेब अधिकच कडक हवा. पॅरिसच्या पाँ दे झार या पादचारी पुलाच्या कठड्याला प्रेमी जोडप्यांनी कुलुपे लावण्याची प्रथा वाढत गेली आणि २०१४ मध्ये कठड्याचा एक भाग त्या वजनाने कोसळला. २०१५ मध्ये शहराने कुलुपे काढायला सुरुवात केली तेव्हा त्यांचे वजन सुमारे ४५ टन सांगितले गेले. कोणा एकाचे कुलूप जड नव्हते. सहभागाची मर्यादा आधीच ठरवली नाही की असे होते, म्हणून फिती किंवा चिठ्ठ्या बांधायच्या असतील तर त्या किती झाल्यावर उतरवायच्या, कोणी उतरवायच्या आणि उतरवून कुठे ठेवायच्या हे आधीच ठरलेले असावे.

प्रतिसादाची रचना

परस्परसंवादाचा आत्मा एवढाच आहे की माणसाला “हे माझ्यामुळे झाले” असे सूचनाफलक न वाचता कळावे. २००९ मध्ये स्टॉकहोमच्या ओडेनप्लान मेट्रो स्थानकात जिन्याच्या पायऱ्यांना पियानोच्या पट्ट्यांचे रूप दिले गेले. पाय पडला की स्वर वाजतो, यात समजावून सांगण्यासारखे काही उरतच नाही. कृती आणि प्रतिसाद यांच्यातले अंतर एक दशांश सेकंदाच्या आत असेल तर तो तत्काळ वाटतो. ते वाढत गेले की चालणारा माणूस पुढे निघून गेलेला असतो आणि प्रतिसाद त्याच्या मागच्या अनोळखी माणसाला मिळतो. पुलावर हा दोष इतर कोणत्याही जागेपेक्षा जास्त जाणवतो, कारण सगळे जण सतत पुढे सरकत असतात.

एकट्याला मिळणारा प्रतिसाद सुचणे सोपे असते. खरी कसोटी दोघे किंवा वीस जण एकत्र आल्यावर लागते. माँट्रिअलमध्ये २०११ पासून मांडल्या गेलेल्या २१ संगीतमय झोपाळ्यांच्या कलाकृतीत प्रत्येक झोपाळा स्वतःचे स्वर काढतो, पण काही सुरावटी अनेकांनी मिळून झोके घेतले तरच उमटतात. मेक्सिकन-कॅनेडियन कलाकार राफाएल लोझानो-हेमर यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यू बोगद्यात केलेल्या कामात माणूस मधोमध बोलायचा, त्याचा आवाज जवळच्या दिव्यांतून आणि ध्वनिवर्धकांतून फिरत राहायचा आणि नवा आवाज आला की जुना बाहेरच्या दिशेने सरकायचा. लांबट जागेचा इतका चोख उपयोग मला क्वचितच दिसला आहे, आणि पुलासाठी तो सरळ अभ्यासण्यासारखा आहे.

उदाहरणादाखल ६० मीटरच्या पुलाची एक मांडणी पाहू. दोन्ही कठड्यांच्या हातनळीखाली, डोळ्यांवर उजेड येणार नाही अशा बेताने, एलईडीची सलग पट्टी बसवावी आणि दर ५ मीटरवर माणसाचे अंतर मोजणारा छोटा सेन्सर ठेवावा. म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण बारा-तेरा सेन्सर होतात. एका टोकाकडून येणाऱ्यासोबत मंद पिवळा उजेड चालतो, दुसऱ्या टोकाकडून येणाऱ्यासोबत निळसर. दोघे एकमेकांना ओलांडतात त्या ठिकाणी दोन्ही उजेड मिसळतात, पट्टीवर पांढरट डाग उमटतो आणि तो दोघे लांब गेल्यावरही काही सेकंद तिथेच राहतो. या डागांच्या जागा नोंदवून ठेवल्या की दिवसाअखेर पुलावर लोक कुठे कुठे एकमेकांसमोरून गेले याचा एक नकाशाच तयार होतो आणि रात्री उशिरा, पूल रिकामा असताना, कलाकृती तोच नकाशा सावकाश दाखवू शकते. गर्दी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की प्रत्येकाला वेगळा उजेड देण्याचा प्रयत्न सोडून संपूर्ण पुलाचा रंग हळूहळू बदलू द्यावा, नाहीतर सगळीकडे नुसती लुकलुक होते आणि कोणालाच आपला भाग ओळखता येत नाही. एकटा, गर्दी आणि रिकामा पूल या तीनही अवस्था कागदावर सारख्याच काळजीने लिहून काढाव्यात.

सेन्सर निवडताना हवी तेवढीच माहिती घ्यावी. कोणी आले एवढेच कळायचे असेल तर प्रकाशकिरण तुटल्याची नोंद पुरते. पाऊल कुठे पडले हे हवे असेल तर पृष्ठभागाखाली पिझो सेन्सर (दाब पडला की विजेचा संकेत देणारा) किंवा कंपनमापक उपयोगी पडतो. माणसाची जागा आणि दिशा हवी असेल तर अंतर मोजणारा लेसर सेन्सर. कॅमेरा हा शेवटचा पर्याय मानावा, आणि तो वापरलाच तर चित्र साठवले जाऊ नये, चेहरा ओळखता येऊ नये आणि हे पुलाच्या दोन्ही टोकांना स्पष्ट लिहिलेले असावे. ब्रिस्टॉलमध्ये २०१३ साली झालेल्या “हॅलो लॅम्प पोस्ट” या उपक्रमात लोकांनी दिव्याच्या खांबांशी आणि रस्त्यावरच्या इतर वस्तूंशी मोबाइलच्या साध्या संदेशांतून संवाद साधला होता. त्या वस्तूंवर आधीपासून असलेले क्रमांकच त्यासाठी वापरले गेले. पण चालत्या माणसाने पुलावर फोनमध्ये डोके घालणे मला सुरक्षित वाटत नाही, त्यामुळे असा संवाद टोकांच्या रुंद जागांपुरता ठेवावा.

विजेशिवायही संवाद घडू शकतो हे विसरू नये. जपानी कलाकार फुजिको नाकाया यांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्रिस्टॉलच्या पेरोज ब्रिज या पादचारी पुलाला बारीक तुषारांच्या धुक्याने वेढले. वारा वळला की ते धुके वळायचे आणि आत शिरलेला माणूस काही पावलांवर दिसेनासा व्हायचा. असे काम करताना ओल्या पृष्ठभागावरची घसरण आणि समोरचा माणूस न दिसण्याचा धोका यांचा विचार अर्थातच आधी करावा लागतो.

जोडणी, वीज आणि हवामान

पूल स्थिर वाटतो, पण तो उन्हात लांबतो आणि थंडीत आखडतो. पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांशाने प्रसरण पावते. म्हणजे १०० मीटरच्या पोलादी पुलाची लांबी ४० अंशांच्या फरकाने जवळपास ४८ मिलिमीटरने बदलते. या बदलासाठी पुलात सोडलेल्या फटीवरून, म्हणजे प्रसरण सांध्यावरून, ताणून नेलेली केबल काही महिन्यांत तुटते, म्हणून प्रत्येक सांध्यावर केबलचा सैल वेढा ठेवावा आणि एलईडी पट्टी तिथे तोडून दोन भागांत बसवावी. पुलाला भोके पाडू नयेत, वेल्डिंग करू नये. नळीभोवती आवळणारे क्लॅम्प वापरावेत आणि धातूंच्या मध्ये रबराचा थर द्यावा, कारण पोलाद आणि ॲल्युमिनियम पाण्याच्या सान्निध्यात थेट चिकटून राहिले तर ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते.

लोकांचा हात पोहोचतो तिथे २४ व्होल्टसारखी कमी दाबाची वीजच असावी, मुख्य पुरवठा टोकाकडच्या कुलूपबंद पेटीत थांबावा. लांब केबलमध्ये व्होल्टेज उतरते आणि पट्टीचे दूरचे टोक लालसर, मंद दिसू लागते. त्यासाठी ठरावीक अंतरावर पुन्हा वीज पुरवावी. उघड्यावरच्या उपकरणांना धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा किमान आयपी ६५, पाणी साचते तिथे आयपी ६७ दर्जा असावा आणि हातापायांच्या टप्प्यातल्या दिव्यांना आघातरोधाचा आयके १० दर्जा मिळाला तर उत्तम. दिव्यांच्या नियंत्रणासाठी डीएमएक्स पद्धत वापरत असाल तर एका साखळीत ५१२ वाहिन्या मिळतात, म्हणजे तीन रंगांचे १७० बिंदू. मांडणी आखतानाच ही मर्यादा लक्षात घ्यावी.

सुरक्षितता आणि सर्वांची सोय

प्रकाश सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू नये, गडद लाल झगमगाट तर टाळावाच, कारण प्रकाशाने अपस्माराचा झटका येणाऱ्या व्यक्तीला पुलावरून पळ काढण्यासाठी जागाच नसते. जमिनीवर गडद काळे आकार रंगवू नयेत. अंधुक दृष्टीच्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींना ते खड्डे वाटतात. चाकाच्या खुर्चीतल्या व्यक्तीचा आणि लहान मुलाचा हात जिथे पोहोचतो तिथेही प्रतिसाद मिळाला पाहिजे, आणि जो ऐकू शकत नाही किंवा पाहू शकत नाही त्याच्यासाठी हातनळीतली हलकी थरथर हा एक सुंदर पर्याय आहे. हातनळी मात्र पकडण्यासाठी पूर्ण मोकळी ठेवावी.

पुलाखाली काय आहे यावर रंगांची निवड अवलंबून असते. रेल्वेवरच्या पुलावर लाल, पिवळा आणि हिरवा, तर नौकामार्गावर लाल, हिरवा आणि पांढरा उजेड संकेतदिव्यांशी घोळ घालू शकतो; त्या यंत्रणांची लेखी संमती घेतल्याशिवाय असा रंग खालून दिसेल अशा तऱ्हेने वापरू नये. रस्त्यावरच्या पुलावर हलती चित्रे वाहनचालकांच्या दिशेने नसावीत. पाण्यावर थेट उजेड टाकणे टाळावे आणि मध्यरात्रीनंतर दिवे मंद किंवा बंद ठेवावेत, कारण वटवाघळे, पक्षी आणि मासे यांच्या हालचालींवर रात्रीच्या प्रकाशाचा परिणाम होतो.

गर्दीचा विषय सर्वांत गंभीर आहे. जपानमधल्या आकाशी शहरात २१ जुलै २००१ रोजी आतषबाजी पाहायला आलेल्यांची एका पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि ११ जणांचा मृत्यू झाला. पूल कोसळला नव्हता. दोन्ही दिशांचे लोक एका अरुंद जागेत कोंडले गेले होते. म्हणून उद्घाटनाचा समारंभ पुलावर करू नये, तो टोकाकडच्या मोकळ्या जागेत करावा. एका वेळी पुलावर किती माणसे असू शकतात हे ठरवून ती मोजणारी व्यवस्था असावी, आणि तो आकडा जवळ आला की कलाकृतीने स्वतःच शांत व्हावे, म्हणजे पाहणाऱ्यांचे थांबण्याचे कारणच नाहीसे होते. सेन्सरमधून मोजणी आधीच होत असल्यामुळे हे करणे तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही.

परवानगी, चाचणी आणि देखभाल

पुलाचा मालक, खालच्या मार्गाची यंत्रणा, वीजपुरवठादार, अग्निशमन दल आणि आजूबाजूचे रहिवासी या सर्वांशी स्वतंत्रपणे बोलावे. रहिवाशांना चित्रे दाखवण्यापेक्षा संध्याकाळी प्रत्यक्ष दिवा लावून आणि आवाज वाजवून दाखवावा; खिडकीत बसून तो कसा दिसतो आणि ऐकू येतो हे त्यांनाच सांगता येते. करारात देखभालीचा खर्च कोणाचा, नादुरुस्त भाग किती दिवसांत बदलायचा आणि तातडीच्या वेळी कलाकृती बंद करण्याचा अधिकार कोणाला, हे स्पष्ट लिहिलेले असावे.

पूर्ण पुलावर काम करण्याआधी १० मीटरच्या एका टप्प्यावर नमुना बसवून तो काही आठवडे चालू द्यावा आणि त्या काळात त्यात पाऊस, उन्हाचा कडाका आणि गर्दीची एक संध्याकाळ तरी यावी. लोक काय म्हणतात यापेक्षा ते काय करतात ते पाहावे: मागे वळून पुन्हा पाऊल टाकणारा माणूस, सोबतच्याला हाताने दाखवणारे मूल, वाट अडल्यामुळे चिडून बाजूने निघणारा प्रवासी. तिसऱ्या प्रकारची माणसे दिसू लागली तर रचना बदलावी, फलक लावून ती समजावत बसू नये.

सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा क्लॅम्प, केबलचे वेढे आणि सेन्सरच्या काचा तपासाव्यात. काचेवरची धूळ आणि कोळ्यांची जाळी हे चुकीच्या प्रतिसादाचे सर्वांत नेहमीचे कारण असते. बंद पडलेला भाग लगेच दुरुस्त होणार नसेल तर तो पूर्ण विझवून ठेवावा, अर्धवट लुकलुकू देऊ नये. काढण्याची तारीख पहिल्याच दिवशी ठरवलेली असावी आणि त्यासाठीचे पैसे वेगळे राखलेले असावेत. उतरवताना प्रत्येक क्लॅम्पखालचा रंग तपासून खरवडलेली जागा पुन्हा रंगवावी, अभियंत्याकडून पुलाची पाहणी करून घ्यावी, आणि मोजलेली वारंवारिता, माणसांचे आकडे व केबलचे आराखडे पुलाच्या मालकाकडे सोपवावेत, म्हणजे त्याच पुलावर पुढे काम करणाऱ्याला तीच मोजमापे पुन्हा घ्यावी लागणार नाहीत.